नव्वदीचा ध्यास आणि घरातली दोन ताटे

वाचकाचे पत्र : सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून ६१ वर्षांच्या एका वाचकांनी सविस्तर पत्र पाठवले आहे. ते तीन वर्षांपूर्वी सहकारी बँकेतून निवृत्त झाले. त्यांचे वडील ६२ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले. तो आकडा जवळ येऊ लागला तशी त्यांनी आपली दिनचर्या मुळापासून बदलली. पहाटे साडेचारला उठून दुधीचा आणि आवळ्याचा रस घ्यायचा, मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावले भरेपर्यंत चालायचे, भात आणि साखर पूर्ण बंद, साध्या मिठाच्या जागी सैंधव, संध्याकाळी सहाला फळे किंवा भाज्यांचे सूप आणि साडेआठला झोप. शिवाय महिन्याला सुमारे अडीच हजार रुपयांच्या कॅप्सूल. वर्षभरात वजन आठ किलोंनी उतरले. लग्नकार्यांना जाणे त्यांनी थांबवले आहे आणि रात्री जागरण नको म्हणून भजनी मंडळही सोडले आहे. दोन वेगळे स्वयंपाक करून आपण थकलो, असे पत्नी म्हणतात. पत्रलेखक विचारतात : ‘‘महर्षी कर्वे १०४ वर्षे जगले. दीर्घायुष्याचे खरे रहस्य कोणते? मी करतो त्यातले काय ठेवावे, काय वाढवावे? आणि पत्नीला हे कसे पटवून द्यावे?’’

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

वयाची साठी उलटल्यावर स्वतःच्या सवयी बदलणे किती अवघड असते, हे मला ठाऊक आहे. तुम्ही ते वर्षभर नेटाने केले, म्हणून तुमच्या निश्चयाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्या निश्चयामागची भीतीही खरी आहे. ज्यांचे आई-वडील लवकर गेले, अशा अनेकांना त्या वयाची वेस जवळ आली की रात्री झोप लागत नाही. तुम्ही ती भीती मोकळेपणाने लिहिलीत हे चांगले झाले, कारण तुमच्या बऱ्याच निर्णयांचा उगम तिच्यातच आहे, आणि म्हणून आधी तिच्याकडेच पाहायला हवे.

वडील ज्या वयात गेले ते वय जणू आपल्यालाही नेमून दिलेले आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. वस्तुस्थिती तशी नाही. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्या भावंडांच्या आयुर्मानाचा अभ्यास झाला. माणसामाणसांच्या आयुष्याच्या लांबीत जो फरक दिसतो, त्याचा साधारण एक चतुर्थांश भागच आनुवंशिकतेने उलगडतो, असे त्यात दिसले. घरातल्या हृदयविकाराची नोंद डॉक्टर घेतात, हे खरे. परंतु वडिलांना किंवा भावाला तो ५५ च्या आत झाला असेल, तर ते त्याला विशेष धोक्याची खूण मानतात. तुमच्या वडिलांना बिडीचे व्यसन होते आणि त्यांचा रक्तदाब कधी मोजल्याचे आठवत नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. वडिलांकडून तुम्हाला रक्त मिळाले, तसेच त्यांची परिस्थितीही मिळाली असे मानू नका. परिस्थिती बदलणे तुमच्या हातात आहे.

आता तुमच्या पत्रातल्या तीन वाक्यांकडे तुमचे लक्ष वेधतो. ती तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात, पण माझ्या मते सगळे पत्र त्या तीन वाक्यांत आहे. पहिले : डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आहे, पण ‘‘डोके जड वाटले तरच घेतो, कारण रसायने शरीरात जितकी कमी जातील तितके बरे’’. दुसरे : दुपारी जेवणानंतर चुन्यासोबत तंबाखूची एक चिमूट, जी तुम्ही ‘‘व्यसनात धरत नाही’’. तिसरे : पंगतीत खाली बसले तर हल्ली उठताना हात टेकावा लागतो, ‘‘पण ते वयाचेच असावे’’.

रक्तदाबापासून सुरुवात करतो. उच्च रक्तदाब बहुतेकांना जाणवत नाही, आणि हाच त्याचा मोठा धोका आहे. डोके जड नसते त्या दिवशीही तो रक्तवाहिन्यांवर, हृदयावर, मूत्रपिंडांवर आणि मेंदूवर आपले काम करत असतो. गोळीचा उपयोग ती रोज ठरलेल्या वेळी घेतली तरच होतो. अधूनमधून घेतलेली गोळी उपचार केल्याचे समाधान देते, संरक्षण देत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील सुमारे ३५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या पुष्कळ घरांत तो आहे, आणि त्यातल्या अनेकांना त्याचा पत्ताच नाही.

दंडावर पट्टा बांधायचे साधे स्वयंचलित यंत्र घरी आणा. त्याची किंमत तुमच्या महिन्याच्या कॅप्सूलच्या खर्चाहून फार वेगळी नसते. पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि हात छातीच्या पातळीवर टेबलावर ठेवा. त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू नको. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजून आठवडाभर वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. घरी मोजलेला आकडा सरासरीने १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर तो वाढलेला मानतात. तुमचे लक्ष्य काय असावे हे तुमचे डॉक्टर सांगतील. गोळीमुळे काही त्रास होत असेल तर तोही त्यांच्याजवळ बोला. रक्तदाबाच्या औषधांचे अनेक प्रकार आहेत आणि एक मानवले नाही तर दुसरे देता येते. मनाने बंद मात्र करू नका.

सैंधवाबद्दलही येथेच सांगतो, कारण ‘सैंधव घेतो, त्यामुळे मिठाची चिंता नाही’ असे मला अनेक वाचक लिहितात. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच, म्हणजे साध्या मिठातलाच घटक, असते, त्यामुळे रक्तदाबाच्या दृष्टीने त्याने काही साधत नाही. शिवाय आयोडीनयुक्त साध्या मिठातून मिळणारे आयोडीन जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही, इतकेच मीठ पोटात जावे. त्यात आमटी-भाजीबरोबर लोणचे, पापड, ठेचा, फरसाण आणि ताकात वरून घातलेले मीठही आले. दुधीचा रस तुम्ही घेता. तो चवीला कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका. कडू दुधीच्या रसाने गंभीर विषबाधा होते आणि आपल्या देशात त्याने मृत्यूही झालेले आहेत. दुधीची भाजी चांगली शिजवून खाल्ली तर रसातून मिळते त्याहून अधिक मिळते, कारण चोथा वाया जात नाही.

तंबाखूबाबत मला आडवळणाने लिहायचे नाही. चिमूट एक असो वा दहा, ओढलेली असो वा दाढेखाली धरलेली, ती तुमच्या सगळ्या पथ्यांवर पाणी फिरवू शकते. चघळायच्या तंबाखूने तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे दात घासण्याची मिसरी वापरणाऱ्या आजीलाही हेच लागू आहे, आणि तिला कोणी व्यसनी म्हणत नाही म्हणून धोका कमी होत नाही. सिगारेट ओढणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगतो. ब्रिटनमधील डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षे पाठपुरावा केला गेला. त्यात साठीत धूम्रपान सोडणाऱ्यांना सुमारे तीन, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ वर्षांचे आयुष्य परत मिळाल्याचे दिसले. उशीर झाला, आता काय उपयोग, या म्हणण्याला त्यामुळे जागा उरत नाही. सोडणे जड गेले तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते. दंतवैद्याकडून एकदा तोंडाची तपासणीही करून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, बरी न होणारी जखम, तोंड कमी उघडणे यांपैकी काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

तिसऱ्या वाक्यावर मी अधिक वेळ घेणार आहे, कारण हा विषय आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. आठ किलो वजन उतरल्याचा तुम्हाला अभिमान आहे. पण त्या आठ किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनकाटा सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपले आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बॉडी मास इंडेक्स २२.३. मात्र ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आतून चरबी अधिक आणि स्नायू कमी, अशी आपल्यापैकी अनेकांची ठेवण असते. अशा शरीराने उतारवयात जेवण निम्म्यावर आणले, संध्याकाळी केवळ सूप घेतले आणि व्यायाम म्हणून फक्त चालणेच ठेवले, तर आधीच कमी असलेले स्नायू आणखी झिजतात. वर्षभरापूर्वी टेकावा लागत नव्हता तो हात आता टेकावा लागतो, याचे कारण वयापेक्षा तुमच्या ताटात असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

जमिनीवर बसून उठता येणे ही क्षुल्लक बाब नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वर्षांच्या सुमारे दोन हजार लोकांना आधाराशिवाय खाली बसून उठायला सांगितले आणि पुढे काही वर्षे त्यांचा पाठपुरावा केला. ज्यांना हातांचा आणि गुडघ्यांचा आधार अधिक लागला, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले. आधार घेतल्यामुळे माणूस मरतो, असा याचा अर्थ नाही. पायांतले बळ, सांध्यांचा लवचीकपणा आणि तोल ही तिन्ही त्या एका हालचालीत एकत्र दिसतात, आणि हीच तिन्ही माणसाला पडण्यापासून वाचवतात. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले आणि तेथून हिंडते-फिरते माणूस अंथरुणाला खिळले, असे एकही उदाहरण नाही असे कुटुंब आपल्याकडे क्वचितच सापडेल. आपल्या पिढीतल्या बऱ्याच घरांत जेवण टेबलावर, पूजा स्टुलावर आणि शौच कमोडवर आले. ज्यांचे गुडघे खरोखर झिजले आहेत त्यांना ही सोय हवीच. ज्यांचे धड आहेत त्यांनी मात्र दिवसातून काही वेळा जमिनीवर बसण्याची सवय मोडू नये.

गेलेले बळ परत मिळवता येते, आणि हे सांगताना मला सर्वांत आनंद होतो. १९९० मध्ये बोस्टन येथील एका वृद्धसेवा केंद्रातील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम, अर्थात देखरेखीखाली, करून घेण्यात आला. त्यांच्या पायांतील शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीतल्या माणसांना जे जमले ते एकसष्टाव्या वर्षी तुम्हाला न जमण्याचे कारण नाही. रक्तदाब आटोक्यात आल्यावर आणि डॉक्टरांची संमती घेऊन आठवड्यातून दोन दिवस, मधे विश्रांती ठेवून, पुढील गोष्टी सुरू करा. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन त्या खांद्यापर्यंत नेणे. जमेल तितक्याच वेळा, श्वास न कोंडता. आठवड्यातून तीन दिवस ओट्याजवळ एका पायावर उभे राहण्याचा सराव करा, हात आधाराच्या अंतरावर असू द्या. तुमच्याच जिल्ह्यातील औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, हे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. सूर्यनमस्कार उत्तम आहेत, पण रक्तदाब वाढलेला असताना डोके खाली जाणाऱ्या हालचाली आणि एकदम १०८ ची संख्या नको.

स्नायू बांधायला प्रथिने लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे तुमच्या ६४ किलो वजनाला किमान ५३ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. तुम्ही शाकाहारी आहात. ३० ग्रॅम कच्च्या डाळीत साधारण ७ ग्रॅम आणि पाव लीटर दुधात ८ ग्रॅम प्रथिने असतात. यावरून हिशेब केलात तर फळे आणि सूप यांवर संध्याकाळ काढणे तुम्हाला परवडणारे नाही, हे तुमच्या लक्षात येईल. सहाऐवजी साडेसातला भाकरी, मुगाची किंवा मटकीची उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही, हे जेवण साधे आहे आणि पुरेसेही. भाताशी तुमचे वैर नसावे. वाटीभर भात भरपूर वरणाबरोबर खाण्यात अपाय नाही. ताटभर भात आणि नावापुरते वरण, ही सवय बदलायला हवी.

पावलांचा प्रश्न लवकर सुटणारा आहे. दहा हजार हा आकडा संशोधनातून आलेला नसून १९६५ मध्ये जपानमधील एका कंपनीने विकायला काढलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आलेला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात दिवसाला ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसू लागला आणि सुमारे ७,५०० च्या पुढे तो फारसा वाढला नाही. तेव्हा थोडे कमी चाला आणि तो वाचलेला वेळ वर सांगितलेल्या व्यायामाला द्या.

महर्षी कर्व्यांचे उदाहरण तुम्ही दिलेत, ते मलाही प्रिय आहे. पण शंभरी गाठलेल्या एका माणसाच्या सवयी पाहून रहस्य शोधण्यात एक अडचण असते. तशाच सवयी असलेली किती माणसे साठीत गेली, हे आपल्याला दिसत नाही. तरीही त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे, फक्त ते त्यांच्या आहाराच्या यादीत नाही. हिंगण्याहून पुण्यात ते वर्षानुवर्षे पायी ये-जा करत, कारण तिकडे शिकवायचे असे आणि इकडे आश्रम असे. महाराष्ट्रात राज्य सरकारचे बहुसंख्य कर्मचारी ज्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, त्या वयात, १९१६ मध्ये, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. सत्तरी ओलांडल्यावर विद्यापीठासाठी ते युरोप-अमेरिकेत फिरले, ७८ व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि ८६ व्या वर्षी समता संघ. हे सारे त्यांनी शंभरी गाठायची म्हणून केले नाही. तुमच्या दिनक्रमात पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रत्येक तास तुमच्या स्वतःच्या शरीराला दिलेला आहे. त्यातला काही वेळ दुसऱ्या कशाला तरी द्यावा, असे मला कळकळीने वाटते. बँकेत तुम्ही आयुष्य काढले आहे. गावातल्या बचत गटांना हिशेब लिहायला आणि वृद्धांना निवृत्तिवेतनाचे अर्ज भरायला तुमच्यासारखा माणूस हवाच असेल.

भजनी मंडळ सोडणे हा तुमच्या सगळ्या निर्णयांतला मला सर्वांत चुकीचा वाटणारा निर्णय आहे. हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या अभ्यासात म्हातारपणी सुखी आणि निरोगी राहिलेल्यांचे एक लक्षण पुन्हा पुन्हा आढळले, ते म्हणजे आपल्या माणसांशी असलेले जिव्हाळ्याचे संबंध. आठवड्यातून एक दिवस दहाला झोपलात तर काही बिघडणार नाही. गाणे, टाळ, ओळखीची माणसे आणि घराबाहेर पडण्याचे निमित्त, एवढे सारे देणारी कॅप्सूल कोठेही मिळत नाही.

कॅप्सूलबद्दल थोडक्यात. ‘नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही’ हे म्हणणे सुरक्षित नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाजरातल्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा आणि त्यांना यादी छाटू द्या. शाकाहारी असल्यामुळे तुमच्या शरीरात जीवनसत्त्व बी-१२ कमी असण्याची शक्यता मात्र बरीच आहे. ते रक्ततपासणीत कळते आणि कमी असेल तर त्याची गोळी जरूर घ्यावी.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. पत्नीला कसे पटवावे, असे तुम्ही विचारता. पत्रात त्या केवळ तक्रार करणाऱ्या व्यक्ती म्हणून येतात. त्यांचे वय ५७, त्यांचे गुडघे दुखतात, पहाटे तुमचा रस काढायला त्या उठतात आणि दोन्ही वेळा दोन प्रकारचा स्वयंपाक करतात, हे तपशील तुमच्याच पत्रात विखुरलेले आहेत. त्यांचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर शेवटी कधी तपासली, याचा उल्लेख कोठेही नाही. नव्वदीपर्यंत जगायचे ते कोणाबरोबर, याचा विचार करा. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात आणि घरातल्या सगळ्यांचे करून उरलेले खाण्याची त्यांची सवय या वयात फार महाग पडते. मी वर सांगितलेला प्रत्येक पदार्थ आणि प्रत्येक व्यायाम, गुडघ्यांना सोसेल इतका, त्यांनाही तितकाच हवा आहे. म्हणून त्यांना पटवून देण्याऐवजी त्यांनाच विचारा की त्यांना या घरात काय सोपे व्हायला हवे आहे, आणि त्या सांगतील ते मधे न बोलता ऐका. उद्यापासून दोघांना एकच स्वयंपाक असू द्या. त्याउपर काही वेगळे हवे असेल तर ते तुम्ही स्वतः करा, आणि संध्याकाळची भाजी निवडणे, कणीक मळणे हेही शिकून घ्या.

पहिले काम म्हणून दोघांची डॉक्टरांकडची वेळ एकाच दिवशी घ्या. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम पाहण्यासाठी), हिमोग्लोबिन आणि बी-१२ यांची तपासणी दोघांचीही करून घ्या, डोळे आणि कानही तपासा. ऐकू कमी येण्याकडे केलेले दुर्लक्ष पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवते, हे आता अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. वयोमानानुसार फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल विचारा. तुमचे वजन उतरले ते केवळ आहारामुळेच ना, याची खात्रीही त्यांना करून घेऊ द्या, आणि तोपर्यंत रक्तदाबाची गोळी त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे आजपासूनच रोज घ्या.